हिमरेषा सरकते आहे

सियालदह स्थानकाला दोन तोंडे आहेत. उत्तर विभागाच्या फलाटांवरून दार्जिलिंग मेल आणि कांचनजंगा एक्स्प्रेस हिमालयाच्या पायथ्याकडे निघतात. दक्षिण विभागाच्या फलाटांवर कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर व नामखानाकडून येणाऱ्या लोकलगाड्या पहाटेपासून सुंदरबनची माणसे आणून ओतीत असतात. त्यांत मासळीच्या टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बाया असतात, शहरातील घरांत धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणी असतात, बांधकामावरचे बिगारी असतात. एका गाडीला जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखराचे नाव आहे. दुसऱ्या गाडीतून उतरणाऱ्यांपैकी कित्येकांच्या शेतात मे २००९ मधील आयला वादळाने समुद्राचे खारे पाणी भरले होते आणि तेव्हापासून त्यांचे पोट शहराशी बांधले गेले आहे. डोंगरावरचे हिम आणि समुद्राचे खारे पाणी यांचा संबंध काय, असा प्रश्न सियालदहच्या फलाटावर कोणी विचारला तर त्याचे उत्तर भूगोलातच आहे. कांचनजंगाच्या पूर्व उतारावरचे पाणी तिस्तेमार्गे ब्रह्मपुत्रेला मिळते. पश्चिम उतारावरचे पाणी तमोर आणि कोशी या नद्यांतून गंगेत येते, फराक्क्याला पोचते, तेथून कालव्याने भागीरथी-हुगळीत वळते आणि कोलकात्यावरून वाहत समुद्राला जाते. कोलकात्याचा नळ या हुगळीवरच चालतो. पलत्याच्या जलकेंद्रात तिचे पाणी उचलले जाते.

या हिमाचे काय होत आहे, हा प्रश्न गिर्यारोहक आणि प्रवासी यांच्यापुरता आता उरलेला नाही. मराठी मुलखातील माणसाला बर्फ ठाऊक असतो तो कारखान्यातला, भुशात गुंडाळून हातगाडीवरून येणारा. त्यामुळे डोंगरावर साचणाऱ्या हिमाचे कार्य त्याला परक्या प्रांतातील गोष्ट वाटण्याचा संभव आहे. परंतु ते कार्य त्याला अगदी परिचयाचे आहे. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी पाणी पावसाळ्यात अडते आणि पुढे मे महिन्यापर्यंत वीज व शेती यांसाठी सोडले जाते. तेथे जे काम भिंत करते ते हिमालयात थंडी करते. हिवाळ्यात पडलेले हिम डोंगरउतारावर साचून राहते, वसंतात हळूहळू वितळते आणि नेमक्या कोरड्या महिन्यांत नद्यांना पाणी पुरवते. या धरणाला ठेकेदार नाही, त्याच्यासाठी कोणी गाव उठवलेले नाही, आणि त्याच्या पाण्याचे बिल कोणाला येत नाही. कदाचित म्हणूनच नियोजनकर्त्यांच्या ताळेबंदात त्याला जागा मिळालेली नाही.

काठमांडू येथील पर्वतीय विकासाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने हिंदुकुश-हिमालय प्रदेशातील हिमाच्या टिकावाची मोजणी उपग्रहांच्या साहाय्याने चालविली आहे. २०२५ सालच्या अहवालानुसार नोव्हेंबर ते मार्च या काळात जमिनीवर हिम टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी भरले. तेवीस वर्षांतील हा नीचांक होता आणि सरासरीखाली जाण्याचे ते सलग तिसरे वर्ष होते. गंगेच्या खोऱ्यात ही तूट २४.१ टक्के, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २७.९ टक्के होती. आकड्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही, तशी त्यांची टाळाटाळही परवडणारी नाही. गंगेच्या वार्षिक प्रवाहात वितळलेल्या हिमाचा वाटा सुमारे १० टक्के आणि हिमनद्यांचा सुमारे ३ टक्के आहे. सिंधूच्या बाबतीत हिमाचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे गंगा मुख्यतः पावसावर आणि भूजलावर वाहते, आणि हिम संपताच ती आटेल असे सांगणारी वर्तमानपत्री भाकिते निराधार आहेत. परंतु वर्षाच्या सरासरीवर शेतकरी जगत नाही. दहा टक्के पाणी जुलैत मिळाले तर त्याचा पूर होतो. तेच एप्रिलमध्ये मिळाले तर त्याचे पीक होते. डोंगरात जितके वर जावे तितका हा वाटा वाढत जातो, आणि सर्वांत वरच्या गावाजवळ दुसरा आधारच नसतो. या दोन टोकांच्या मधले सर्व वास्तव सरासरीच्या आकड्याखाली झाकले जाते.

हिम का घटते याचे गणित शाळकरी मुलालाही समजावे असे आहे. हवा दर हजार मीटर उंचीमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे तापमान एका अंशाने वाढले की ज्या उंचीवर पाण्याचे हिम होते ती रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. डोंगराचा जो पट्टा काल हिमाखाली होता त्यावर आज पाऊस पडतो, आणि पाऊस थांबत नाही. तो त्याच दिवशी वाहून जातो. जे हिम पडते तेही लवकर वितळते. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाश परत फेकतो. तो गेला की खालचा काळा खडक ऊन शोषतो, तापतो आणि शेजारचे हिमही वितळवतो. पूर्व हिमालयाची स्थिती यात अधिक नाजूक आहे. काश्मीर-हिमाचलात हिम मुख्यतः पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांतून पडते. सिक्कीमच्या हिमनद्यांना मात्र बरेचसे हिम पावसाळ्यातच मिळते, उन्हाळी तापमानात, शून्य अंशाच्या उंबरठ्यावर. तेथे एका अंशाची वाढ हिमाचे पावसात रूपांतर करण्यास पुरेशी ठरते.

तापमान वाढते म्हणजे दरवर्षी हिम नियमाने कमी पडते असाही अर्थ नाही. २०१९ साली उत्तर सिक्कीममध्ये आदल्या डिसेंबरपासून पडत राहिलेल्या अवाढव्य हिमाखाली कुरणे गाडली गेली आणि सुमारे ३०० याक उपासमारीने मेले. पशुपालकांच्या दृष्टीने हिम कमी पडणे आणि अवेळी पडणे ही दोन्ही एकाच आपत्तीची रूपे आहेत. त्यांच्या आजोबांना कुरणाचा हंगाम ठाऊक होता. नातवाला तो सांगता येत नाही.

सियालदहपासून हाकेच्या अंतरावर आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये स्थापिलेली विज्ञानसंस्था उभी आहे. भागीरथीच्या उगमाच्या शोधावर बंगालीत एक सुंदर निबंध लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाची संस्था आज दार्जिलिंगच्या हवेतील काजळीचे कण मोजते आहे. मैदानातील वीटभट्ट्या, डिझेलची वाहने, जळणारी जंगले आणि चुली यांची काजळी वाऱ्याबरोबर वर चढते, हिमावर बसते आणि त्याला काळवंडून त्याचे वितळणे वेगवान करते. चुलीवर रांधणाऱ्या बाईला यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय काही मंडळींना फार आवडते. तिला परवडणारा गॅस द्यावा, वीटभट्टीच्या मालकाला चिमणी सुधारण्यास भाग पाडावे, हे मात्र त्यांना तितक्या तत्परतेने सुचत नाही.

कोलकात्याचा हिमाशी असलेला बौद्धिक संबंध याहूनही जुना आहे, आणि तो थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनमधील सोलापूर, अहमदनगर, पुणे हे जिल्हे उजाड केले. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली होती आणि त्याचे मुख्यालय कोलकात्यात होते. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे मत मांडले की हिमालयावर हिम अधिक पडले व उशिरापर्यंत टिकले तर पुढचा मोसमी पाऊस अशक्त होण्याची शक्यता असते. याच विचारावर आधारित पहिला नियमित मोसमी अंदाज १८८६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळात धान्य निर्यात करणाऱ्या साम्राज्याला शेतकऱ्यापेक्षा महसुलाची चिंता अधिक होती, हे खरे. तरी त्या कार्यालयातून निघालेला विचार शास्त्राच्या कसोटीस उतरला आणि शंभर वर्षे अंदाजाचा एक आधार म्हणून वापरला गेला. हवामान खात्याचे मुख्यालय पुढे सिमला, १९२८ मध्ये पुणे आणि नंतर दिल्ली असे फिरले. अलीकडच्या दशकांत हिम आणि पाऊस यांचे हे जुने नाते पूर्वीसारखे स्थिर राहिलेले नाही. मराठवाड्यात तिफण धरणारा शेतकरी ज्या अंदाजाची वाट पाहतो, त्याच्या पायातील एक दगड असा सैल झाला आहे.

वरच्या उष्णतेचा खालच्या माणसाशी असलेला संबंध कोणाला पुस्तकी वाटत असेल तर त्याने ३ ऑक्टोबर २०२३ ची रात्र आठवावी. उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवर दक्षिण ल्होनाक नावाचे सरोवर आहे. माथ्यावरची हिमनदी मागे हटत गेली तसतसे ते वाढत गेले. साठवलेले हिम भरून येण्याच्या वेगापेक्षा वितळण्याचा वेग अधिक झाला की असेच घडते: घन पाणी द्रव होते आणि सैल दगडमातीच्या बांधामागे तुंबून राहते. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस उपग्रहाच्या चित्रांत या सरोवराचे क्षेत्र १६७ हेक्टर होते; ४ ऑक्टोबरला ते सुमारे ६० हेक्टर उरले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अभ्यासानुसार काठावरच्या गोठलेल्या दगडमातीचा सुमारे दीड कोटी घनमीटरचा ढिगारा सरोवरात कोसळला, वीस मीटर उंचीची लाट उसळली आणि बांध फुटून सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली सुटले. मराठी हिशेबात सांगायचे तर पावणेदोन टीएमसी. आकडा लहान वाटेल. परंतु पाच हजार मीटर उंचीवरून, अरुंद घळीतून, वाटेतले कडे पोखरीत आणि दगडगोटे घेऊन आलेले पावणेदोन टीएमसी होते ते.

खाली चुंगथांग येथे तिस्ता-३ या १,२०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे साठ मीटर उंचीचे दगडी भरावाचे धरण होते. २०१७ मध्ये सुरू झालेला सिक्कीममधील तो सर्वांत मोठा प्रकल्प. मध्यरात्रीच्या सुमारास धरण वाहून गेले, आणि पुराला त्याच्या जलाशयाचेही पाणी मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याचे ज्यांनी पाहिले किंवा वाडवडिलांकडून ऐकले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पूल गेले, राष्ट्रीय महामार्ग ठिकठिकाणी नदीत गेला, लष्कराचा तळ गाळाखाली गाडला गेला. ५५ माणसे मेली, ७४ बेपत्ता झाली. वाहून आलेला लष्करी दारूगोळा पश्चिम बंगालच्या जलपैगुडी जिल्ह्यात नदीकाठी सापडला आणि त्याच्या स्फोटात आणखी बळी गेले. पुराचा परिणाम बांगलादेशापर्यंत पोचला.

ही आपत्ती अनपेक्षित होती असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही. हे सरोवर धोकादायक असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये छापून सांगितले होते. २०१६ साली सरोवराचे पाणी काही प्रमाणात उतरवण्यासाठी नळ टाकण्यात आले. ते काम पुरेसे नव्हते. पूर्वसूचनेच्या यंत्रणेतील पहिली उपकरणे सरोवराशी बसवली गेली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, घटनेच्या अवघे काही दिवस आधी. शास्त्रज्ञांच्याही आधी बोलले होते ते खोऱ्यातील लोक. झोंगूच्या लेपचा तरुणांनी तिस्तेवरील धरणमालिकेविरुद्ध २००७ पासून गंगटोकमध्ये दीर्घकाळ साखळी उपोषण चालविले आणि त्यांच्या लढ्यामुळे झोंगूतील काही प्रकल्प रद्द करावे लागले. त्यांच्याजवळ उपग्रह नव्हता. नदी कोठून येते आणि काय आणू शकते एवढे त्यांना ठाऊक होते.

यानंतर काय झाले? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने त्याच ठिकाणी तिस्ता-३ पुन्हा बांधण्याची शिफारस केली. साठ मीटरच्या जागी जवळजवळ ११९ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण. काँक्रीट अधिक भक्कम असते आणि नवा सांडवा मोठ्या पुराचा हिशेब धरून आखला आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. देशाला वीज हवी आहे आणि कोळशावाचून मिळणारी वीज हवी आहे, ही गोष्ट कोणीही जबाबदार माणूस नाकारणार नाही. परंतु त्या खोऱ्याच्या माथ्यावर आणखी सरोवरे वाढत आहेत, आणि ज्यांच्या दारात भिंत उभी राहणार त्यांना नव्याने जनसुनावणीत बोलू न देता हा निर्णय पुढे रेटला जातो, तेव्हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही. धरण वाहून गेले तर त्याचा खर्च विमा कंपनी, बँक आणि सरकारी तिजोरी यांच्यात वाटला जातो. घर वाहून गेले तर तो खर्च एकाच कुटुंबाचा असतो.

तिस्तेचा हा प्रश्न तिस्तेवर थांबत नाही. २०११ च्या सप्टेंबरमध्ये भारत आणि बांगलादेश यांच्यातील तिस्ता पाणीवाटपाचा करार ऐनवेळी बारगळला आणि तो त्यानंतर झालेला नाही. गंगेचा करार मात्र १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी झाला. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. या कराराचे तक्ते पाहण्यासारखे आहेत. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळात फराक्का येथील प्रवाह दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी मोजला जातो. तो ७० हजार क्युसेकपर्यंत असेल तर दोन्ही देशांना निम्मे-निम्मे. ७५ हजारांच्या वर असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेले बांगलादेशाला. हे आकडे १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीवर बेतलेले आहेत. म्हणजे ज्या डोंगरावर हिमरेषा खाली होती त्या डोंगराच्या हिशेबाने दोन देश आज पाणी वाटून घेत आहेत. फराक्क्याला कोरड्या महिन्यांत पाणी कमी पडण्यामागे उत्तर प्रदेश व बिहारमधील वाढता उपसा आणि खालावणारे भूजल ही मोठी कारणे आहेत. हिमाला सर्व दोष देणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या खात्यात आधीच उचल जास्त आहे त्यातील एक जमाही घटू लागली तर काय होते, हे सावकाराच्या दारात उभ्या राहिलेल्या कोणालाही कळते.

फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला तो हुगळीतील गाळ रेटून कोलकाता बंदर जिवंत ठेवण्यासाठी. वरून येणारे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे ढकलते. ते कमी झाले की भरतीबरोबर खारेपणा आत चढतो, विहिरी नासतात, भाताची खाचरे मिठागरासारखी पांढरी पडतात. समुद्राची पातळी दुसरीकडून वाढतेच आहे, आणि तिच्यात हिमनद्यांच्या वितळण्याचाही वाटा आहे. कॅनिंगच्या लोकलमधून उतरणारी मोलकरीण हिम कधी पाहणार नाही. तिच्या आयुष्याचा लगाम मात्र एका बाजूने हिमरेषेने आणि दुसऱ्या बाजूने समुद्राने धरला आहे. १९४७ नंतर वर्षानुवर्षे पूर्व बंगालचे निर्वासित सियालदहच्या फलाटांवर चुली मांडून राहिले होते. त्यांना निर्वासित म्हणून निदान नोंदणीचा एक कागद मिळत असे. हवामानाने उठवलेल्या माणसाला तोही मिळत नाही. तो ‘रोजंदारीवर आलेला’ म्हणून मोजला जातो.

ही उष्णता कोणी निर्माण केली याचा हिशेब स्वच्छ आहे. खनिज इंधन जाळून आजवर हवेत सोडलेल्या कर्बवायूचा सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. जगाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची गरज मांडली. श्रीमंत राष्ट्रांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांपर्यंत पोचण्याचे वचन दिले, तेही कर्जे आणि खाजगी गुंतवणूक धरून. दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. साम्राज्यवाद हा शब्द जुना झाला असे म्हणणाऱ्यांनी या व्यवहारासाठी नवा शब्द सुचवावा. त्याच वेळी हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की बाहेरच्यांच्या अपराधामागे दिल्लीला लपता येणार नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी नागरिकांना खुली नाही. सुरक्षेच्या नावाखाली ती गोपनीय वर्गात ठेवली जाते. ज्या नदीच्या पाण्यात माणूस बुडू शकतो त्या पाण्याचा आकडा त्याला कळू नये, अशी ही सुरक्षा आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक हिवाळ्याच्या अखेरीस खोरेनिहाय हिमसाठ्याची मोजणी प्रसिद्ध व्हावी आणि ती नेपाळी, लेपचा, बंगाली, हिंदी या भाषांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. धोकादायक सरोवरांवर बसवलेल्या उपकरणांचा इशारा कंपनीच्या नियंत्रण कक्षात जातो त्याच क्षणी नदीकाठच्या वस्तीतील भोंगा वाजला पाहिजे, आणि तो वाजवण्याचा अधिकार गावाकडे असावा. तिस्ता-३ चे काम नव्या जनसुनावणीशिवाय पुढे जाऊ नये. गंगेच्या कराराचे नूतनीकरण करताना १९४९ ते १९८८ ची सरासरी बाजूला ठेवून अलीकडच्या वर्षांचे प्रवाह, उपसा आणि हिमाची स्थिती दोन्ही देशांनी एकत्र मोजावी. ढाका आणि कोलकाता यांच्यातील पाण्याचे भांडण जातीय रंगात रंगवण्याची हौस सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि उघड आकडे हाच त्यावरचा सर्वांत साधा उतारा आहे. नेपाळला या मोजणीत घेतल्यावाचून कोशीचा हिशेब पूर्ण होणार नाही. दुष्काळाच्या काळात एका परकीय राजवटीला कोलकात्यात बसून हिमालयातील हिमाची विचारपूस करावीशी वाटली होती. त्या शहरात आज शास्त्रज्ञ आहेत, उपग्रहाची चित्रे आहेत, आणि दक्षिण विभागाच्या फलाटावर रोज पहाटे साक्षीदारही उतरत आहेत.